अनुमोदक

ठराव मांडला सरपंचांनी.
अनुमोदक म्हणून हात वर झाला तो माझा.
उजवा. त्यात चहाचा कप होता,
तो आधी खाली ठेवला, एवढं आठवतं.

सर्व्हे नंबर एकशे बारा, पोटविभाग तीन.
बांयवाड्यापासून मानशीपर्यंतची पायवाट
मालकाच्या विनंतीवरून कुंपणाबाहेरून वळवण्यात यावी.
अंतर वाढेल तीनशे चाळीस मीटर,
जे नगण्य आहे.
नगण्य हा शब्द सचिवांनी सुचवला.
आम्हा सगळ्याच पंचांना आवडला.

पाहणीला गेलो ते मे महिन्यात, दुपारी दोनला.
वाटेवर चिटपाखरू नव्हतं.
तसं लिहून आणलं : वापर आढळला नाही.
एक मुंगूस आडवं गेलं, ते लिहिलं नाही.

हरकतींसाठी तीस दिवस. पत्रं आली तीन.

इनासिन फुर्तादनं नातवाकडून लिहवून घेतलेलं :
ओहोटी कधी पहाटे तीनला, कधी पाचला.
मी मानशीवर सुंगटांना जाते, बॅटरी नेत नाही.
वाट माझ्या तळव्यांना पाठ आहे.
नवी पाठ करायला माझं वय एकोणऐंशी.

सगूण च्यारीनं नकाशा जोडला होता,
पेन्सिलीनं, फूटपट्टी न लावता.
वाकणावरच्या काजऱ्याखाली फुली : इथे राखणदार.
वर्षाला एक रोट, विडीचं बंडल, सोऱ्याची बाटली
इथंच ठेवतो बापजाद्यांपासून.
वाट हलली हे त्याला पंचायत कळवणार, की मी?

तिसऱ्यावर सही नव्हती. एकच ओळ :
आमी खंयच्यान चलतलीं?
निनावी पत्र ग्राह्य नाही, फायलीला लागलं नाही.
माझ्या खिशात राहिलं,
सदऱ्याबरोबर धुतलं गेलं.

मालक तसा वाईट नव्हता.
त्यानं पेव्हर घातले, सौर दिवे लावले,
एक बाक ठेवला, बाकावर स्वतःच्या आईचं नाव.
उद्घाटनाचा नारळ मीच फोडला.
पहिल्या फटक्यात फुटला नाही.

आणि मग त्या वाटेनं कुणी गेलंच नाही.

पाऊस सरता सरता दिसलं,
माझ्या शेताच्या कुंपणाची एक तार सैल.
गवत एका अंगाला निजलेलं.
मेरेवरच्या चिखलात टाचा, लहानमोठ्या,
कायतान पोदेराच्या सायकलचं चाक
(मागचं, जे जरा लचकत चालतं),
आणि एक खवला, उन्हात लखलखणारा.
नगण्य अंतर वाचवायला
अख्खा वाडा माझ्यातून जात होता.

बायको म्हणाली, काटे लावा.
मी आणले, मेरेवर रचले, संध्याकाळी.
पहाटे जाग आली. ओहोटी होती.
अंगणात उभा राहून ऐकलं,
टोपली घेतलेलं म्हातारं माणूस कसं चालतं :
दोन पावलं, दम, दोन पावलं.
काट्यांपाशी थांबली.
काहीच बोलली नाही.
मला शिवी ऐकायची होती.
मग पावलं मागे वळली,
दिव्यांच्या, पेव्हरच्या, बाकाच्या वाटेला लागली,
आणि खूप वेळ, खूपच वेळ
ऐकू येत राहिली.

परवा ग्रामसभा. विषय पाचवा :
खासगी शेतातून जाणाऱ्या अनधिकृत वाटेबाबत तक्रार.
तक्रारदार मी. अर्ज दिला तेव्हा रागात होतो.

आज काटे ओढून काढले. सगळे नाही,
कमरेवर टोपली घेऊन बाई जाईल एवढे.
बोटात एक मोडून राहिलाय.
सचिवांना फोन केला,
अर्ज मागे घ्यायचा नमुना असतो का?
म्हणाले, बघावं लागेल.